सौदामिनीचं दार

“मग चुकलं कुठे, बाबा?”

खाडीच्या तोंडाशी, उंडीच्या झाडाखाली बसलेल्या रहीमशा फकिराला त्र्यंबकराव कोठाऱ्यांनी पुन्हा तेच विचारलं.

त्र्यंबकराव आरमाराच्या जहाजांचे आराखडे काढीत. त्या कामात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. शेजारी त्यांचा मुलगा वासुदेव मान खाली घालून बसला होता. त्यांनीच आखलेली ‘सौदामिनी’ बंदरात परतली, त्या दिवसापासून तो एक शब्द बोलला नव्हता.

“जहाज कसं होतं?” फकिराने विचारलं.

त्र्यंबकरावांचा चेहरा खुलला. त्यांनी काठी उचलली आणि ओल्या वाळूत जहाज काढायला घेतलं.

“आमची पहिली क्रूझर. एकटीने दूर जायचं, व्यापारी जहाजांची राखण करायची. म्हणून शिडंही दिली आणि वाफेचं इंजिनही. अंगभर चिलखत चढवलं तर वेग मरतो. तेव्हा इंजिनावर तेवढं कासवाच्या पाठीसारखं पोलादी छत घातलं. दोन्ही कुशींना कोळशाच्या कोठ्या, गोळा आला तर कोळशात रुतावा. पोटात आडव्या भिंती, भिंतींना लोखंडी दारं. एक खण फुटला तरी बाकीचे कोरडे!”

“फिरली?”

“एडनपर्यंत. चाचे पकडले, दुष्काळात तांदूळ वाहिला. कित्येक वर्षं कुरकुरली नाही.”

“मग?”

काठी थांबली.

“धुक्यात एक मालाची बोट येऊन धडकली. पुढच्या बॉयलरच्या खणात पाणी घुसलं. हा तिथला इंजिनिअर. वरून हुकूम आला, याने दार लावलं. जहाज वाचलं, बाबा. शेकडो माणसं वाचली. दाराने काम चोख बजावलं. आतल्या लोकांना बाहेर काढायला… वेळच नव्हता. मी याला रोज समजावतो, तू बरोबर केलंस. याच्या कानांत शिरतच नाही.”

फकीर उठला. वाळूतल्या जहाजाच्या रेघा ओलांडून तो पुढच्या खणात जाऊन बसला. त्याची कफनी भिजली.

“दार लाव,” तो म्हणाला.

त्र्यंबकराव कसनुसं हसले. मग त्यांनी वाळूत एक रेघ ओढली.

“आता मी कोण?”

“फायरमन. भट्टीत कोळसा टाकणारा.”

“नाव काय माझं?”

प्रत्येक भिंतीची जाडी त्र्यंबकरावांना तोंडपाठ होती, पण नाव…

“बाळा पेडणेकर.”

आवाज इतका घोगरा होता, की तो वासुदेवाचा आहे हे बापाला आधी कळलंच नाही.

“बाळा पेडणेकर,” वासुदेव पुन्हा म्हणाला. “दाऊद सोलकर. जैतू… जैतूचं आडनाव मला माहीत नाही, नाना. तो मला हाका मारत होता. साहेब म्हणून नाही. वासू म्हणून. आधी दारावर फावडी आपटत होते ते. मग नुसते हात…”

तो गुडघ्यांत डोकं घालून हमसाहमशी रडू लागला.

त्र्यंबकराव धावतच त्याच्यापाशी गेले. “वासू, अरे, ऐक. मला दुसरी क्रूझर काढायला सांगितलीय. तिच्यात मी वरून शिडी देतो. दार लागलं तरी माणूस वर चढेल. हे बघ, इथून…”

आणि ते खाली बसून घाईघाईने वाळूत रेघा ओढू लागले.

फकिराने ती काठी हलकेच त्यांच्या हातातून काढून घेतली.

“बाबा, मग मी करू तरी काय?”

“त्याचं रडून होईपर्यंत,” फकीर म्हणाला, “काही बांधू नकोस.”