तिरका हात

"मग उद्या उघडायची ना वेबसाइट, माई? सगळ्यांसमोर?"

सुव्रतला बसवत नव्हतं. मठाची वेबसाइट त्यानंच बनवली होती. उद्या मठाचा उत्सव. त्याचे बाबाही येणार होते. पोरगा चांगली नोकरी सोडून मठात वाया गेला, असं गावभर सांगणारे बाबा. उद्या ते बघतील!

माईंनी चष्मा पुसला. "समज, मी आले आहे गुडघे दुखणारी म्हातारी. मला तळमजल्यावरची खोली हवी. कुठे सापडेल?"

"सोप्पं आहे! 'मुक्काम'वर बाण न्या. शेजारी यादी उघडेल. त्यात सगळ्यात खाली 'तळमजला'."

माईंनी माउस धरला. यादी उघडली. माईंनी बाण 'तळमजल्या'कडे नेला, आणि यादी गडप झाली. तिथे 'उत्सवा'ची यादी आली.

"अगं बाई! गेली कुठे?"

"तुम्ही तिरक्या गेलात, माई. वाटेत 'मुक्काम'च्या खालच्या 'उत्सवा'वर बाण टेकला. आधी सरळ आडवं जायचं, मग खाली."

माईंनी पुन्हा नेला. पुन्हा गडप.

"माझा हात काय पट्टीनं आखलाय का रे?"

"सवय होईल, माई. लोक शिकतील." सुव्रत हसला. "यादी बरोबरच आहे. हात चुकतोय."

माईंनी माउस बाजूला सारला.

त्या मठात होकार तोंडानं देत नसत. माई तळहातावर बत्तासा ठेवून हात पुढे करत. शिष्यानं तो उचलला की काम मंजूर.

माईंनी डबा उघडला. बत्तासा तळहातावर ठेवला. हात पुढे केला.

सुव्रतनं लॅपटॉपच्या वरून झटकन हात बत्ताशाकडे नेला.

माईंनी मूठ मिटली.

"माई?"

"तिरका आलास. आधी सरळ आडवा ये, मग खाली."

तो ओशाळून हसला. मूठ उघडली. त्यानं हात जपून आडवा नेला, मग खाली आणला. शेवटच्या क्षणी जरासा घसरला.

मूठ मिटली.

"आता काय झालं?"

"सवय होईल."

तिसऱ्यांदाही तेच. सुव्रतचे कान लाल झाले. उद्याचा उत्सव, बाबा, सगळं त्या मिटल्या मुठीत अडकलं होतं.

"असं काय करता, माई! समोर बत्तासा दिसला की माणसाचा हात जवळच्या वाटेनंच जाणार ना! मी पोचेपर्यंत जरा तरी मूठ उघडी..."

तो थांबला.

माईंकडे बघितलं. लॅपटॉपकडे बघितलं.

"...उघडी ठेवायची," तो पुटपुटला.

मग एकदम उभाच राहिला. "माई! बाण तिरका येत असला तर यादीनं जरा दम धरायचा! लगेच मिटायचंच नाही! होतं हे, माई, करता येतं! संध्याकाळपर्यंत करतो!"

लॅपटॉप छातीशी धरून तो पळत सुटला. एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्या पायात कुणाची तरी.

फाटकापाशी त्याला आठवलं. तो गर्रकन वळला.

"माई, बत्तासा राहिला!"

माई ओसरीवर तशाच बसल्या होत्या. तळहात उघडा, बत्तासा त्यावर.

"काम करून ये," माई म्हणाल्या. "तिरका आलास तरी चालेल."