खोटी कोळंबी, खरं माकुल

समुद्राच्या धक्क्यावर एक मांजराचं पिल्लू होतं. एवढुस्सं. नाव टिंगू. भूक मात्र एवढ्ढी मोठ्ठी!

हिरामामा माकुल पकडायला बसला होता. माकुल म्हणजे समुद्रातलं मऊ मऊ, दहा पायांचं. त्याला कोळंबी फार आवडते. म्हणून मामाने आणली होती खोटी कोळंबी. लाकडाची, गुलाबी. शेपटीला बारीक बारीक काटे.

मामा म्हणाला, "टिंग्या, पहिल्या माकुलाचे पाय मांजराचे. आपल्या धक्क्याची रीतच आहे. पण कोळंबीला हात नाही लावायचा हं!"

टिंगूने हात नाही लावला. नाक लावलं.

गडगड गडगड... टक्क!

कोळंबी पडली खडकात. खेकड्याने उचलली आणि नेली बिळात.

"गेली कोळंबी, गेलं माकुल!" मामा गालाला हात लावून बसला.

टिंगू निघाला. टुप टुप टुप.

"खेकडेदादा, खेकडेदादा, कोळंबी द्या ना!
माकुल काही येईना,
माझी भूक जाईना. म्याऊ!"

खेकडा म्हणाला, "वा रे वा! बीळ माझं कोरडं, घसा माझा कोरडा. आधी लाट येऊ दे, मग देईन."

टुप टुप टुप.

"लाटताई, लाटताई, या ना!
खेकडा कोळंबी देईना,
माकुल काही येईना,
माझी भूक जाईना. म्याऊ!"

लाट म्हणाली, "येऊ कशी? वाटेत होडी बसलीय आडवी. आधी ती हलू दे, मग येईन."

टुप टुप टुप.

"होडीमावशी, होडीमावशी, हला ना!
लाट पुढे येईना,
खेकडा कोळंबी देईना,
माकुल काही येईना,
माझी भूक जाईना. म्याऊ!"

होडी म्हणाली, "हलू कशी, बाळा? बांधलंय मला. आधी मामाला दोर सोडू दे, मग हलेन."

टुप टुप टुप.

"हिरामामा, हिरामामा, दोर सोड ना!
होडी जागची हलेना,
लाट पुढे येईना,
खेकडा कोळंबी देईना,
माकुल काही येईना,
माझी भूक जाईना. म्याऊ!"

मामा म्हणाला, "बाप रे, एवढं सगळं? मग तर आधी चहा! शेवंतीला सांग जा."

शेवंती मामाची भाची. तिचं घर धक्क्याला लागूनच. टुप टुप टुप.

"शेवंतीताई, शेवंतीताई, चहा ठेव ना!
मामा दोर सोडेना,
होडी जागची हलेना,
लाट पुढे येईना,
खेकडा कोळंबी देईना,
माकुल काही येईना,
माझी भूक जाईना. म्याऊ!"

शेवंती म्हणाली, "ठेवू कशी? ही माझी तानू बघ, रडं थांबेना! भात भरवला, थू केला. गाणं म्हटलं, आणखीच रडली. माझंच काही चुकतंय की काय, देव जाणे! आधी हिला हसू दे, मग चहा."

टुप टुप टुप.

"तानूबाय, तानूबाय, हस ना!
आई चहा ठेवेना,
मामा दोर सोडेना,
होडी जागची हलेना,
लाट पुढे येईना,
खेकडा कोळंबी देईना,
माकुल काही येईना,
माझी भूक जाईना. म्याऊ!"

तानू म्हणाली, "भ्यॅॅॅ!"

आता काय करायचं? टिंगूने मागे पाहिलं. अरे, ही कुणाची शेपटी? पकडा तिला! गरगर गरगर गरगर... धप्प! टिंगू भाताच्या ताटलीत. नाकावर भात, कानावर भात.

"खी खी खी!"

तानू हसली. शेवंतीने चहा ठेवला. सुर्र सुर्र, मामा प्याला. मामाने दोर सोडला. होडी हलली. (पलीकडे पुन्हा बांधली हं. वाहून नको जायला!) लाट आली धबाक! बीळ भरलं गुडगुड.

"घे बाबा तुझी कोळंबी," खेकडा म्हणाला. "चवच नाही मेलीला!"

मामाने कोळंबी दोरीला बांधली. सूंऽऽ करून पाण्यात टाकली.

झटका, झटका... थांब. झटका, झटका... थांब.

"ओढ ना, मामा!" टिंगू म्हणाला.

"शूऽऽ! थांबलं की धरतं ते."

झटका, झटका... थांब...

गच्च!

माकुल आलं वर! आणि शाई उडाली, फुर्रर्र! मामाचं नाक काळं, मिश्या काळ्या.

"अगं बया!" मामा ओरडला. तानू हसली, शेवंती हसली, होडीसुद्धा डुलली.

"पहिल्या माकुलाचे पाय कुणाचे?"

"म्याऊ!"

एक नाही, दोन नाही, दहाच्या दहा! मच मच मच. टिंगूचं पोट टम्म.

गोष्ट गेली पाण्यात, घास आला तोंडात. आऽऽ कर बघू!