उपाशी गोधडी

"डोंगर चुकलाय का? मग नदी?"

सुलक्षणानं हे तिसऱ्यांदा विचारलं. हौसाक्का मांडीवरच्या गोधडीवरून नुसती हात फिरवत राहिली.

पंचक्रोशीत गोधडी शिवावी तर हौसाक्कानंच. सुलक्षणा वर्षभर तिच्याकडे शिकत होती. पण शहरात कलेची पदवी घेतलेली बाई, शिकताना अधूनमधून शिकवतही होती.

गोधडीवर अख्खं आंबवटे होतं. धरणाखाली गेलेलं, आईचं गाव. जुने फोटो आणि नकाशे बघून शिवलेलं. हिरव्या तुकड्यांचा डोंगर, निळी नदी, कोपऱ्यात घर. आईला आता लेकीचं नावही आठवत नव्हतं. "घरी ने," एवढंच म्हणायची. म्हणून हा सगळा खटाटोप.

"आईनं बघितली. म्हणाली, छान आहे, कुणाची हो? … मला 'हो' म्हणाली, आक्का. काय चुकलं माझं?"

"काय बी न्हाई. टाका न् टाका सरळ हाय."

"मग?"

हौसाक्कानं कोपरे चाचपले. घराच्या कोपऱ्यापाशी थांबली.

"हितं भाकर घातली न्हाईस."

शेवटचा कोपरा शिवण्याआधी गोधडीच्या पोटात भाकरीचा तुकडा घालायचा, ती उपाशी राहू नये म्हणून. आंबवट्याकडचीही रीत तीच.

"मुंग्या लागतील म्हणून नाही घातली. पण त्याचा इथे काय संबंध?"

"आंबवट्यात तुमच्या घरी गोधड्या कोन शिवायचं?"

"आईच. पण मी डोंगराचं विचारतेय, आक्का!"

हौसाक्कानं कातर उचलली आणि घराच्या कोपऱ्यातले टाके उसवायला घेतले.

"अहो, काय करताय! सहा महिने लागलेत मला!"

गोधडीचं वीतभर तोंड उघडं पडलं. सुलक्षणा बघतच राहिली. वर्षभर टाके घालायला शिकवणारी हीच का ती बाई?

हौसाक्का उठली. दुरडीतून भाकरीचा तुकडा मोडून आणला, सुईत दोरा ओवला आणि दोन्ही तिच्या हातात दिली.

"आत्ताच शिवू?"

"तू हात लावू नगंस."

"मग कुणी शिवायची? आईला काहीसुद्धा आठवत नाही हो…"

"तिला काय बी इचारू नगंस. सुई हातात दे, आन् म्हन… गोधडी उपाशी राह्यलीया."