न घाबरणारा नायक

राजा चंडसेनाला स्वतःवर महाकाव्य हवं होतं. तरुण हेरंबकवी एकेक सर्ग लिहून नेई आणि राजा कपाळाला आठ्या घाली. "नायक घाबरला? खोड! रडला? खोड! हरला? कवी आहेस की शत्रू?"

हेरंबाचं डोकं उठलं. "महाराज, अशानं कथाच उरत नाही हो!"

"ते तू बघ. दसऱ्याला दरबारात वाचायचं, नाहीतर राज्य सोडायचं."

दसऱ्याला हेरंब वाचू लागला. काव्यातला चंडसेन जिंकला, पुन्हा जिंकला, घाम न येता जिंकला. रिवाजाप्रमाणे हुंकार देण्याचा मान राजाचा. पण त्यालाच पेंग येऊ लागली.

मग हेरंब शत्रूकडे वळला. हरलेला, भेदरलेला शत्रू जखमी भावाला पाठीवर घेऊन नदीकाठी आला. मागं चंडसेनाची फौज, समोर पूर. रडत रडतच त्यानं पाण्यात पाय घातला.

हेरंबानं पोथी मिटली.

"अरे, थांबलास का?" राजा सिंहासनावर पुढं सरकला. "पुढं काय झालं? वाचला ना तो?"

"महाराज, काव्यात आपण इतक्या लढाया जिंकलात, तेव्हा एकदाही 'पुढं काय झालं' असं विचारलं नाहीत. ऐकणाऱ्याचा जीव ज्याच्यासाठी टांगणीला लागतो, तोच नायक. तुमची भीती, तुमचं रडू तुम्ही खोडायला लावलंत. फेकवेना, म्हणून मी ते त्याला दिलं."

राजा बराच वेळ दाढी कुरवाळत बसला.

"बरं," तो अखेर म्हणाला, "आधी त्याला नदीपार ने. माझं मग बघू."