भैऱ्याची जट

"पण आक्का, पौर्णिमा आठ दिवसांवर आली. मला अनुग्रह देणार की नाही, एवढं तरी सांगा!"

तुळसाक्काचं लक्ष दुसरीकडेच होतं. ती कुत्र्याकडे बघत होती.

तुळसाक्का म्हणजे आमच्या दूधगंगेकाठच्या दत्ताच्या मठाची गुरू. तिला गुरू म्हटलेलं आवडत नाही, म्हणून सगळे आक्का म्हणतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून ती दोन महिने मिरजेला भाचीकडे राहिली होती, आणि त्या दिवशी सकाळच्या एसटीनं परत आली होती. पिशवी अजून पायरीवरच होती.

विचारणारा अच्युत. संस्कृतचा एम. ए., मठात येऊन तीन वर्षं झालेली. गुरुमंत्र मिळाल्यावाचून जन्म फुकट, असं त्याचं ठाम मत. माणूस हुशार. एखाद्याच्या हुशारीचा इतका वैताग मला जन्मात आला नव्हता.

मी केरबा. मठात भाकरी थापतो.

"ह्याला काय झालंय?" आक्का म्हणाली.

"कोणाला?"

"भैऱ्याला."

भैऱ्या हे लांब केसांचं पांढरं कुत्रं. कुणीतरी हौशीनं पाळलेलं आणि हौस फिटल्यावर मोटारीतून आणून मठाच्या पायरीवर सोडलेलं. असल्या कुत्र्याला रोज विंचरावं लागतं. मिरजेला जाताना आक्कानं ते काम अच्युतला लावून दिलं होतं. फणी हातात देऊन गेली होती.

अच्युतचा चेहरा उजळला.

"तेच सांगणार होतो. तुम्ही गेलात आणि त्याला जट आली!"

आमच्या भागात बाईमाणसाच्या केसांचा गुंता झाला की त्याला जट म्हणतात. ती देवीची मानतात. विंचरायची नाही, कापायची नाही, वर हळद-कुंकू वाहायचं. कापली तर कोप होतो म्हणतात. पण कुत्र्याला जट आलेली मी तरी आधी कधी ऐकली नव्हती.

"काय आली?"

"जट. उजव्या कानामागे, आणि एक मांडीला. गेल्या गुरुवारी पाऊणशे माणसं दर्शनाला आली. बायका ओट्या घेऊन येतात."

"आन् फणी?"

"फणी कशी लावणार आता?" अच्युत हसला. "दत्तासमोरची चार कुत्री म्हणजे चार वेद, आक्का. वेदांना कोणी फणी लावतं का?"

"वेदास्नी गोचड्या हुत्यात का?"



खरं सांगायचं तर पहिले पंधरा दिवस त्यानं विंचरलं. मग पारायण आलं, मग प्रवचन आलं. विंचरणं दर गुरुवारवर आलं. मग गुरुवारी नुसतीच आंघोळ. पाणी पडलं की गुंता आवळतो, हे मी त्याला एकदा सांगितलं. त्यानं मला श्लोक ऐकवला. श्लोकापुढे भाकरी थापणाऱ्यानं काय बोलायचं? गप्प बसलो. माझंही चुकलंच.

आक्कानं हात पुढे केला. भैऱ्या गुरगुरला.

आक्कावर गुरगुरलेला मी त्याला पहिल्यांदाच पाहिला. मान वाकडी करून बसला होता. मधेच डोकं झटकायचा, आणि झटकलं की केकाटायचा.

"खातोय का?"

"चार दिवस झाले, अन्न सोडलंय त्यानं." अच्युतचा आवाज मऊ झाला. "मला तर ही विरक्ती वाटते, आक्का."

आक्कानं कपाळावर हात मारून घेतला.

"केरबा, कातर आण."

मी उठलो. अच्युत आडवा आला.

"आक्का, कातर नको! लोकांनी नवस बोललेत. तुम्ही जाणत्या आहात... जट कापू नये. कोप होतो."

"कुनाचा?"

"म्हणजे... देवीचा."

आक्कानं डोक्यावरचा पदर मागे घेतला.

अकरा वर्षं मी तिच्या हाताखाली आहे. पदराविना तिचं डोकं मी कधी पाहिलं नव्हतं. केस पोराच्या मुंजीत कापतात तसे बारीक. मानेच्या वर तळहाताएवढी जागा नुसत्या कातडीची, चुरगळलेली, केसच नसलेली.

"चौदाव्या वर्सी मला जट आली," ती म्हणाली. "आईनं इंचराय दिलं न्हाई. अठरा वर्सं वागवली. मान वर हुईना. कुशीवर निजाय येईना. लोक पाया पडायचे, आन् म्या दाराआड जाऊन खाजवायची."

तिनं पदर पुन्हा डोक्यावर घेतला.

"मग एक म्हातारा बैरागी आला. समदी माझ्या पाया पडत हुती. त्यो न्हाई पडला."

"मग?"

"त्यानं इचारलं, पोरी, दुखतंय का?"

भैऱ्यानं डोकं झटकलं. केकाटला.

"अठरा वर्सांत दुसऱ्या कुनी इचारलं न्हवतं," आक्का म्हणाली. "तू ह्याला इचारलंस?"

अच्युत वाटेतनं बाजूला झाला.

मी कातर आणली. आक्कानं ती घेतली नाही.

"माझं डोळं अजून कच्चं हाईत. डागदरनं वाकू नगं म्हटलंय. तूच काप."

"मी?"

"वाढवलीस कुनी?"

मी भैऱ्याला मांडीशी धरलं आणि तोंडाला पंचा गुंडाळला. बिचारं थरथरत होतं. अच्युतनं कातर उचलली.

"कातडं वढू नगं! कातडं आन् गुंता, ह्यांच्या मधी बोट घाल. बोटाच्या वरनं काप. जरा जरा काप... अरं, जरा म्हटलं की रं!"

"आक्का, बोट जात नाही."

"जाईल. तुला घाई. समद्याची घाई."

बोट गेलं. केसांचा तो गुंता घोंगडीसारखा घट्ट झाला होता. वर गेल्या काही आठवड्यांचं हळद-कुंकू, तेल, कुणीतरी चिकटवलेल्या अक्षता. तो कानामागून सुटून माझ्या मांडीवर पडला आणि असा वास सुटला की मी तोंड फिरवलं.

खाली कातडं उरलं नव्हतं. लाल, ओलं मांस होतं. कडेनं एरंडाच्या बियांएवढ्या टम्म गोचड्या. आणि मधोमध काहीतरी पांढरं वळवळत होतं.

अच्युत कातर टाकून पायरीकडे धावला.

"ओकून घे," आक्का मागनं ओरडली. "मग ये. मांडीचा ऱ्हायलाय."

तो आला. एवढं त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. तोंड धुऊन आला आणि मांडीचाही गुंता कापला.

मी जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन आलो. त्यांनी आळ्या काढल्या, जखम धुतली, दोन इंजेक्शनं दिली. जाताना म्हणाले, "अजून दोन दिवस काढले असते तर कुत्रं गेलं असतं. आत कानात शिरायला लागल्या होत्या. जखम भरेपर्यंत तिथं फणी नको, पण बाकी अंग रोज विंचरा. कान बघा, बोटांच्या बेचक्या बघा. लांब केसाच्या कुत्र्याची ही चैन नव्हे, औषध आहे."

म्हणजे आक्का मिरजेला जाताना जे सांगून गेली होती, तेच.

डॉक्टर गेले. अच्युत आक्काच्या पायाशी येऊन बसला. डोळे भरले होते.

"आक्का, मी प्रायश्चित्त घेतो. एकवीस दिवस निरंकार उपास."

"तू उपाशी ऱ्हायलास म्हंजे ह्याच्या गोचड्या मरत्यात व्हय?"

"मग सप्ताह लावतो."

"अरं देवा!" आक्का म्हणाली. "ह्याला कुनीतरी समजून सांगा रं."

"मग करू तरी काय मी?"

"इंचर."

"विंचरतो. आत्ता विंचरतो."

"आन् उद्या?"

"उद्याही."

"परवा पारायण हाय तुझं."

अच्युत घुटमळला. आक्काला तेवढं पुरलं.

"काल ववाळला म्हनून आज देवाची आरती सोडतोस का?"

"नाही."

"मग ह्येचंच का सुटलं?"

अच्युत हळूच म्हणाला, "गुरुवारी लोक येतील. त्यांना काय सांगू?"

"कुत्रं हाय म्हनून सांग."

गुरुवारी लोक आले. ओट्या घेऊन आलेल्या बायका चिडल्या. एकीनं अच्युतला शाप दिला, तुझं वाटोळं होईल म्हणाली. तो हात जोडून, मान खाली घालून, कुत्रं आहे, कुत्रं आहे, एवढंच म्हणत राहिला. एकही श्लोक म्हटला नाही. मला पहिल्यांदाच त्याची कीव आली.

विंचरणं मात्र सोपं गेलं नाही. भैऱ्याचा त्याच्यावरचा विश्वास उडाला होता. फणी दिसली की दात दाखवायचा. दुसऱ्या दिवशी तर अंगठ्याला चावलाही. अच्युत पट्टी बांधून पुन्हा बसला. तिसऱ्या दिवशी पाठीवरून चार हात फिरवू दिले. पाचव्या दिवशी शेपटी. पारायणाची वेळ टळली तेव्हा पोथी उघडी राहिली, पण माणूस पायरीवरच होता.

अनुग्रहाचं नाव त्यानं काढलं नाही. आक्कानंही नाही.

पौर्णिमेच्या दुपारी जेवणं उरकली. आक्का तांदूळ निवडत बसली होती. अच्युत पायरीवर, भैऱ्या त्याच्या पुढ्यात. त्यानं आधी कान बघितले, मग बेचक्या, मग फणी घेतली. मानेपासून शेपटीपर्यंत, हळूहळू. दुखणं लागल्यापासून त्या जनावराला एका कुशीवर घटकाभर पडलेलं कुणी पाहिलं नव्हतं. त्या दुपारी मात्र त्यानं अंग सैल सोडलं, अच्युतच्या मांडीवर हनुवटी टेकली आणि एक लांब श्वास टाकला.

अच्युतची फणी थांबली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. चेहऱ्यावर असं काही तेज आलं की मीसुद्धा हातातलं भांडं खाली ठेवलं.

"आक्का!" तो म्हणाला. "आक्का, आज मला कळलं! उपासना म्हणजे..."

आक्कानं तांदळातून मान वर केली.

"आरं, वरडू नगं की रं... डोळा लागलाय त्याचा."