सशाची प्रकृती

“बरा झालेला ससा अजून आजारी आहे असे सांगणे, हे असत्य म्हणावे की केवळ लांबणीवर टाकलेले सत्य?”

दिगंबर मास्तरांनी प्रश्न घरूनच नीट बांधून आणला होता. वाटेत तो दोनदा म्हणूनही पाहिला होता.

गोदाक्का तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“कोणाचा ससा?”

“माझा. म्हणजे… मृण्मयीचा. माझ्या मुलीचा.”

मास्तरांनी शेजारच्या वेताच्या टोपलीचे झाकण उघडले. पुरावा म्हणून त्यांनी ससा बरोबर आणला होता.

गावाबाहेरच्या, अक्कांच्या लहानशा मठात मास्तर दर गुरुवारी येत. चाळीस वर्षे संस्कृत शिकवून ते निवृत्त झाले होते, आणि अक्कांना अक्षरओळख बेताचीच होती. त्यामुळे उपदेश ऐकण्यापेक्षा त्यातले उच्चार सुधारण्याकडे मास्तरांचा अधिक ओढा असे. अक्का मुकाट्याने सुधारून घेत. त्या दिवशी मात्र गुरुवार नव्हता.

“झालं काय होतं त्याला?”

“फुप्फुसांचा विकार. नाकपुड्या चिकटून गेल्या होत्या. ससा श्वास नाकानेच घेतो, अक्का. तोंड उघडून घेऊ लागला की समजावे, संपत आले. आणि अन्न सुटले तर एक दिवसही निघायचा नाही, असे डॉक्टरांनी स्पष्टच सांगितले.”

“मग?”

“दर दोन तासांनी कोमट पाण्याच्या बोळ्याने नाक पुसले. चादरीचा तंबू करून वाफ दिली. औषध पिचकारीने, वाटलेल्या गवताची पेजही पिचकारीनेच. आडवा झाला की घरघर वाढे, म्हणून छातीखाली उशी देऊन बसवून ठेवला. पंधरा दिवस.”

“तुम्ही?” अक्कांनी आता वर पाहिले. “समोरचं दूध उतू गेलेलं कळत नाही तुम्हाला.”

मास्तरांनी तो शेरा ऐकला नाही असे दाखवले.

मृण्मयीने लग्न स्वतःच्या मनाने ठरवले होते. मास्तरांनी विरोध केला नव्हता. आशीर्वादही दिला नव्हता. निघताना ती पाया पडली, तेव्हा ते वर्तमानपत्र वाचत राहिले होते. नव्या घरी जागा नव्हती म्हणून ससा तेवढा मागे राहिला. त्यानंतर चौदा महिने तिचा फोन आला नाही, आणि यांनी केला नाही. फोन लहानांनी करावा, असे मास्तरांचे मत होते. आणि एकदा बनलेले मत बदलणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

मग ससा आजारी पडला. शेजारच्या सुलभाबाईंनी ती बातमी मृण्मयीला कळवली. त्याच दिवशी सायंकाळी सात वाजता फोन वाजला.

“बाबा, ससा कसा आहे?”

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशीही. बोलणे दोन मिनिटांच्या पुढे जात नसे. औषध घेतले का, खाल्ले का, लेंड्या कशा आहेत. तिचा आवाज पूर्वीपेक्षा किंचित खाली आला होता. मात्र ‘बाबा’ म्हणताना पहिले अक्षर ती अजून तसेच लांबवीत असे. मास्तर पाच वाजल्यापासूनच फोनपाशी येऊन बसत. फोन वाजला की तो लगेच उचलत नसत. चार वेळा वाजू देत.

“बरा होऊन किती दिवस झाले?” अक्कांनी विचारले.

“पाच.”

“आणि तिला काय सांगता?”

“घरघर आहे अजून, असे.”

“हं.”

“बरा झाला म्हटले की तिला फोन करण्याचे कारण उरणार नाही. हे तर्काला धरूनच आहे.”

“आहे की.”

बांधून आणलेला प्रश्न संपला होता. न बांधलेला भाग पुढे होता.

“काल सकाळी…”

अक्का शेंग सोलत राहिल्या.

“काल सकाळी मी पिंजऱ्यालगतची खिडकी उघडली. बाहेर कडाक्याचा गारठा होता. मला ते ठाऊक होते.”

“किती वेळ?”

“त्याला शिंक येईपर्यंत.”

अक्कांचे हात थांबले.

“मग लावून घेतली,” मास्तर म्हणाले. “त्याला सदऱ्याच्या आत घेतले. दुपारपर्यंत तसाच बसलो होतो… पुन्हा शिंकला नाही तो.”

ससा टोपलीतून बाहेर आला होता. टरफलांच्या ढिगापाशी जाऊन त्याने एक टरफल ओढले आणि निवांत कुरतडू लागला. अक्कांनी आणखी मूठभर टरफले त्याच्यापुढे सरकवली.

“मला प्रायश्चित्त सांगा, अक्का. शास्त्रात अशा कृत्याला…”

“शास्त्र तुमच्याकडे. मला गल्लीतलं सांगा. सुलभानं पाहिला का हा, बरा झाल्यावर?”

“रोज पाहते. अंगणात सोडतो तेव्हा कुंपणापाशी उभीच असते. परवा कोथिंबिरीच्या काड्या देऊन गेली. म्हणाली, मास्तर, याने तर तुम्हालाच पळायला लावले.”

“आजारी पडला ते पोरीला तिनंच कळवलं ना?”

“तिनेच. मी डॉक्टरांकडून घरी परतण्याच्या आधी.”

“आणि बरा झाला, ते पोटात ठेवून बसलीय?”

मास्तर उत्तर द्यायला गेले.

सुलभाबाईंच्या शेजारात त्यांची बावीस वर्षे गेली होती. इतक्या वर्षांत त्या बाईच्या पोटात एक गोष्ट एक दिवस राहिलेली त्यांना आठवेना.

“काल फोन आला होता?” अक्कांनी विचारले.

“…आला होता.”

“काय विचारलं तिनं?”

“ससा कसा आहे.”

“परवा?”

“तेच.”

“त्याच्या आदल्या दिवशी?”

काल ‘घरघर आहे’ म्हटल्यावर पलीकडे थोडा वेळ शांतता होती, आणि मग ती म्हणाली होती, “बरं. मग उद्या करते.” मास्तरांना ती सशाची काळजी वाटली होती.

त्यांनी चष्मा काढला. धोतराच्या सोग्याने पुसला. पुन्हा लावला, आणि पुन्हा काढला.

अक्का शेंगा सोलू लागल्या.

“मग आज,” मास्तर म्हणाले, “सात वाजता मी तिला काय सांगू?”

“सातपर्यंत कशाला थांबायचं? तुम्हीच लावा फोन.”

“मी?”

“बोटं दुखतात का?”

“तसे नव्हे. पण लावून बोलू काय? आता सांगण्यासारखे माझ्याजवळ काहीच उरले नाही, अक्का…”

“सांगायचं कुणी म्हटलं,” गोदाक्का म्हणाल्या. “तिला विचारा, ससा कसा आहे.”