साकवाचा दोर

एकदा एक अख्खे गाव हातात दगड घेऊन वृद्ध आचार्यांच्या दारी न्याय मागायला आले. ओढ्यावरच्या लाकडी साकवावरून आवडी नावाची सहा वर्षांची मुलगी पडून वाहून गेली होती. साकवाचा आधाराचा दोर जागेवर नव्हता. साकवाच्या राखणदाराने तो विकून खाल्ला, असे जो तो म्हणत होता. राखणदार आचार्यांच्या पायरीवर अंग चोरून बसला होता आणि तोंडातून अवाक्षर काढत नव्हता. सर्वांत पुढे उभा राहून गावचा व्यापारी ओरडत होता, "याला सोडायचं नाही!"

आचार्यांचा शिष्य घाईने त्यांच्या कानाशी वाकला. "गुरुजी, आधी यांना घरी पाठवा," तो कुजबुजला. "न्यायाच्या जागी भावनेचे काय काम? डोकी थंड झाली की साक्षी घेऊ."

आचार्यांनी ऐकून न ऐकल्यासारखे केले. ते जमावाला म्हणाले, "आवडी कशी होती, ते सांगा मला."

आता संपलेच, शिष्याला वाटले. हे तर आगीत तेल ओतणे झाले.

पण एक म्हातारी म्हणाली, "रोज माझी काठी पळवायची, कार्टी." कुणीतरी हसले आणि हसता हसताच रडू लागले. आवडीची आई म्हणाली, "साकवावर पाऊल टाकायच्या आधी टाचा उंच करून दोर धरायची. त्या दिवशी चाचपत राहिली असेल माझी बाय."

व्यापाऱ्याच्या हातातला दगड गळून पडला. "दुकानात यायची... गुळाचा खडा मागायला." त्याला हुंदका आवरेना. "दोर मी नेला. उत्सवाच्या मांडवाला कमी पडला म्हणून. हा नको नको म्हणत होता, मीच दरडावलं याला."

पुन्हा हात वर झाले, आता व्यापाऱ्यावर. आचार्य उठून त्याच्यापुढे उभे राहिले. "याला शिक्षा होईल. पण या आईच्या डोळ्यांदेखत आणखी एक जीव घेणार का?"

हात हळूहळू खाली आले. व्यापाऱ्याने राखणदाराच्या जोडीने जन्मभर साकव राखावा, असा निवाडा झाला.

लोक पांगल्यावर आचार्य शिष्याला म्हणाले, "यांना घरी पाठवले असते, तर आवडीही त्यांच्याबरोबर निघून गेली असती. अरे, रागाला कुणीही गुन्हेगार चालला असता. पण हा राग आला, कारण पोर सगळ्यांची लाडकी होती. ती कशी गेली, हे त्या मायेलाच जाणून घ्यायचे होते. लोकांच्या मनाला गप्प करायला शिकू नकोस बाबा, त्याला विचारायला शीक."

संध्याकाळी व्यापाऱ्याने मांडवाचा दोर सोडून आणला. शिष्य तो साकवाला बांधू लागला. आवडीची आई जवळ आली, तिने दोर ओढून पाहिला.

"जरा खाली घ्या," ती म्हणाली. "पोरांचा हात पोचला पाहिजे."

शिष्याने गाठ सोडली आणि गुडघे टेकून ती पुन्हा खाली बांधली.